दार तळ्याकडे नव्हतं

१

पेटीचे चारही खिळे जागच्या जागी होते, वरची जाळी शाबूत होती आणि आत अंडी नव्हती.

नव्हती म्हणजे फुटलेली नव्हती, कुणी खाल्लेली नव्हती, उकरून नेल्याची खूणही नव्हती. लॉर्ना फॅरेली गुडघे टेकून कोपरापर्यंत हात घालून माती चाचपत होती आणि दर मुठीगणिक तिचा चेहरा उतरत होता. खाली नुसती घट्ट माती होती, कधी कुणी न हलवलेली.

हे तळं टोरांटो शहराच्या ऐन मध्यात आहे. त्याचं नाव राहू द्या. जून महिन्यात त्यातल्या कासवी काठाचा उतार चढून येतात, मागच्या पायांनी खड्डा करतात, पिंगपाँगच्या चेंडूंसारखी अंडी घालतात आणि माती सारखी करून निघून जातात. त्यानंतर त्या पोरांकडे ढुंकूनही बघत नाहीत. बघतात ते रॅकून, कोल्हे आणि माणसं. म्हणून आम्ही 'तळ्याचे सोबती' नावाची रिकामटेकडी मंडळी घरट्यावर लाकडी पेटी ठोकतो. तिला तळ नसतो, वर जाळी असते आणि एका बाजूला दोन भोकं असतात. पिल्लं उन्हाळा संपता संपता मातीतून वर येतात आणि त्या भोकांतून पाण्याकडे जातात.

या वर्षी उतारावर एकच घरटं सापडलं होतं आणि कासवीला अंडी घालताना पाहणारी एकटी हेस्टर होती. हेस्टर मॅकिनन, सत्तरी ओलांडलेली, जन्मभर शाळेची बस चालवलेली. तिनेच लॉर्नाला फोन केला, दोघींनी मिळून पेटी ठोकली. त्या एका पेटीसाठी महापालिकेने तळ्याकाठच्या नव्या रस्त्याचं काम अडवून धरलं होतं. ऑगस्ट संपत आला तरी एकही पिल्लू दिसेना, म्हणून लॉर्नाने आज जाळी उघडली होती.

"हेस्टर," लॉर्ना हात झटकत उठली, "तू अंडी पाहिली होतीस ना?"

"पाहिली होती."

"या डोळ्यांनी?"

"मग काय तुझ्या?"

आम्ही सगळे पेटीत वाकून बघत होतो. मी सहज मान वर केली. हेस्टर पेटीत बघतच नव्हती. ती आमची तोंडं न्याहाळत होती, एकेकाचं, सावकाश. रिकामी पेटी बघून ज्याला आश्चर्य वाटत नाही, त्याला काहीतरी ठाऊक असतं.

२

मी मृणाल टिपणीस. निवृत्त होईपर्यंत एका विमा कंपनीत दावे तपासायचे. आग लागली की लावली, दागिने गेले की मुळात नव्हतेच, असल्या भानगडींत माझी उमर गेली. त्यामुळे कुठे काही खुट्ट वाजलं की माझं नाक पुढे होतं. नवरा म्हणतो, या वयात तरी गप्प बस. पण ते जमलं असतं तर आणखी काय हवं होतं!

दोन दिवसांत निकाल लागून गेला. लॉर्नाने हेस्टरला सोबत्यांमधून काढलं. तिची पाळी बंद, संदेश बंद. परवाना देणाऱ्या कार्यालयाने तर अख्ख्या मंडळाचाच परवाना थांबवला. खोटं घरटं दाखवणारी माणसं म्हणून आमचं नाव झालं. यापुढे आमच्यापैकी कुणी उतारावर एक बोटभर माती हलवली तरी दंड. आणि रस्त्याचं काम सप्टेंबरच्या सुरुवातीची लेबर डेची सुट्टी संपली की मंगळवारी सकाळी सुरू होणार होतं.

मी लॉर्नाला गाठलं. बागेच्या फाटकाजवळ ती गाडीच्या डिकीत फावडी कोंबत होती.

"तुला खरंच वाटतं हेस्टरने थाप मारली?"

"म्रिनल, मला काय वाटायचं ते वाटू दे." तीस वर्षं झाली, पण हेस्टर सोडली तर माझं नाव या लोकांच्या जिभेवर बसलेलं नाही. "तिला तो रस्ता नको होता, हे जगजाहीर आहे. आणि काय म्हणाली होती आठवतंय? 'एक आठवडा थांब, इतक्यात पेटी उघडू नकोस.' का? सांग ना, का?"

"तू पेटी ठोकलीस तेव्हा खाली काय होतं?"

"ओली, ताजी उकरलेली माती. पण कासवी फसवे खड्डेही करतात. करतात, बुजवतात, अंडी दुसरीकडे. मी हेस्टरच्या शब्दावर विश्वास ठेवला. माझंच चुकलं." तिने डिकी आपटली. "सात बागा सांभाळते मी. प्रत्येक पेटीपाशी रोज येऊन बसू का?"

मला लॉर्नाचा राग आला नाही. तिचे डोळे रडून सुजले होते.

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. फसवा खड्डा असता तरी तो खड्डा असता. माती सैल लागली असती. आम्ही त्या दिवशी पाहिलेली माती तर दगडासारखी होती. म्हणजे त्या जागी कासवीने नख लावलं नव्हतं. मग जूनमध्ये लॉर्नाने जिच्यावर पेटी ठोकली ती ताजी माती कुठे गेली?

३

सिल्व्हानो देलुका तळ्याच्या फळकुटी धक्क्यावर कॅमेऱ्याची तिपाई लावून बसला होता. आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या, आता हाताएवढं लांब भिंग लावून बगळ्यांचे फोटो काढतो. स्वभावाने देवमाणूस, पण फोटोचं कौतुक केल्याशिवाय सुटका नाही.

"सिन्योरा, हा बघा!" त्याने मला यंदाचा बगळा दाखवला. मग गेल्या वर्षी माती उकरणारी कोल्हीण. मग गेल्या वर्षीची पेटी, मागे विलोचं वाकडं झाड, उन्हाची तिरीप. "हा सगळ्यांत गाजला. इंटरनेटवर हजारो लोकांनी बदाम दिले! जगभरातून विचारत होते, ही जागा कुठली, कसं यायचं?"

"मग सांगितलंस?"

"का नाही सांगायचं? सुंदर गोष्ट लपवायची कशाला?" तो भाबडेपणाने हसला. "पण वाईट झालं हो. त्यानंतर दोनच दिवसांत कुणीतरी पहार घालून ती पेटी उचकटली. सगळी अंडी गेली. पाळीव म्हणून पिल्लं विकतात म्हणे. माणसं किती हलकट असतात!"

त्याच्या मनात फोटो आणि चोरी या दोन गोष्टींची अजून गाठच पडली नव्हती. माझ्या मनात ती पडली.

"यंदाच्या पेटीचा फोटो?"

"काढणार होतो. जुलैत पालिकेने उतारावरचं गवत कापलं ना, वर्षातनं एकदा कापतात तसं, तेव्हा पेटी मस्त उघडी पडली होती. लांबूनसुद्धा दिसायची. पण हेस्टरने मला असं फाडून खाल्लं की मी भिंग उचलून पळालो."

उताराच्या माथ्यावर गॉर्डन पाइक भेटला. तळ्यासमोर त्याचं घर. रस्ता हवा म्हणून पालिकेचे उंबरे झिजवले ते यानेच.

"मिसेस टिपणीस, तुम्ही तिची मैत्रीण आहात, म्हणून स्पष्ट बोलतो. माझी मार्जरी दोन उन्हाळे घरात आहे. चाकाची खुर्ची या गवतातून जात नाही. तळं तिला खिडकीतून दिसतं, पण बदकांचा आवाज ऐकू येत नाही. एका खोट्या अंड्यापायी तिचा हाही उन्हाळा गेला. तुमच्या हेस्टरबाईंना म्हणावं, शाब्बास."

"पालिकेने रस्ता पेटीला वळसा घालून आखला होता ना?"

"हो. ऑगस्टच्या मध्याला येऊन खुंट्या मारून गेले. ते नारिंगी झेंडे दिसतात ना, ते. पेटीच्या पार पलीकडून नेलाय. आम्ही काही राक्षस नाही हो. कासवांना जागा सोडली होतीच की!"

त्याचंही म्हणणं खोटं नव्हतं. या प्रकरणात मला धड एक खलनायक सापडत नव्हता, आणि ते मला फार अवघड जात होतं. विम्याच्या धंद्यात कुणीतरी एक तरी लबाड असायचाच.

उरली हेस्टर. मंडळातून हाकललेली, पण रोज सकाळी तळ्यावर येणारी. थर्मास घेऊन बसलेली दिसली.

"हेस्टर, मला तरी सांग."

"काय सांगू?"

"अंडी कुठे आहेत?"

"कासवीला विचार."

"अगं, सगळे तुला खोटारडी म्हणतायत!"

"म्हणू देत. बसमधली पोरं याहून वाईट म्हणायची." तिने चहाचा घोट घेतला. "एक आठवडा जाऊ दे, मृणाल. मग ये आणि मला हवं ते विचार. आज नको."

पुन्हा तोच आठवडा. मी चिडून उठले. चार पावलं गेल्यावर ध्यानात आलं की हेस्टर तिच्या नेहमीच्या बाकावर नव्हती. तिचा बाक पेटीच्या समोरचा. हल्ली ती रोज खालच्या, पाण्याजवळच्या बाकावर बसत होती, आणि पेटीकडे तिची पाठ होती.

४

सोमवारी सुट्टी होती. निम्मं शहर उत्तरेकडे आपापल्या कॉटेजवर गेलेलं. मी एकटीच उतारावर जाऊन रिकाम्या पेटीसमोर फतकल मारून बसले.

विम्यात असताना मी माणसांच्या जबान्यांवर कधी फारसा भरवसा ठेवला नाही. माणूस घाबरून खोटं बोलतो, लाजून बोलतो, प्रेमापोटीही बोलतो. वस्तू कुणावर प्रेम करत नाही. म्हणून मी आधी एवढंच बघायचे, की कुठली वस्तू जिथे नसावी तिथे आहे.

लॉर्नाने खणताना पेटी बाजूला केली नव्हती, नुसती जाळी उचकटली होती. आतल्या कडेला गोल्डनरॉडचे, म्हणजे इथल्या पिवळ्या फुलांच्या रानटी झाडाचे, दांडे उभे होते. मी वाकून पाहिलं. सगळे दांडे एका पातळीत सपाट कापलेले, आणि कापल्या जागेखालून बाजूला नवे फुटवे आलेले.

कापलेले? पेटीच्या आत?

गवत कापायचं यंत्र पेटीच्या आत कसं शिरेल! जुलैत यंत्र या जागेवरून फिरलं, तेव्हा इथे पेटी नव्हतीच. ती नंतर इथे आली. पेटीतून अंडी नाहीशी झाली नव्हती. अंड्यांवरून पेटी नाहीशी झाली होती.

मी पेटीभोवती रांगत फिरले आणि दुसरी गोष्ट दिसली. पिल्लांची दोन भोकं वरच्या बाजूला होती, घरांकडे. तळ्याकडे नव्हती.

आधी मनात आलं, बाहेरच्या कुणीतरी अनाड्याने हलवली. आमच्यातला कुणी झोपेतसुद्धा पेटी अशी ठोकणार नाही. आणि हेस्टर तर नाहीच. ती गालफड मातीला टेकवून भोकांतून पाणी दिसतंय का हे बघितल्याशिवाय पहिला खिळा ठोकत नाही. चला, हेस्टर सुटली म्हणून मला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं काही टिकलं नाही. अनाडी माणूस पेटी हलवून पुन्हा चारही खिळे मुळापर्यंत कशाला ठोकेल? हे काम सवयीच्या हाताचं होतं. मग सवयीच्या हाताने भोकं उलटी का ठेवली?

कारण त्या हाताला माहीत होतं की इथून कुणीच बाहेर पडणार नाही. रिकाम्या घराचं दार कुठे का असेना.

पेटी बुजगावणं होती. गेल्या वर्षी फोटो पाहून चोर आले. यंदा गवत कापल्यावर पेटी उघडी पडली, सिल्व्हानो भिंग घेऊन हजर झाला, आणि हेस्टरने कुणाला न सांगता पेटी उचलून भलतीकडे ठोकली. गवत पुन्हा वाढल्यावर जागा बदललेली आमच्या कुणाच्या लक्षातही आली नाही. येऊ देत चोर, खणू देत. खरं घरटं कुठे आहे हे आता तिला एकटीला ठाऊक. पिल्लं बाहेर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, मग कुणी खोटारडी म्हणो की आणखी काही. आठवडा मागत होती ती याचसाठी.

आता जुनी जागा सापडायला कितीसा वेळ? जुलैत पेटी जिथे होती तिला वळसा घालूनच यंत्र गेलं असणार. तिथलं गवत कापलंच गेलं नसणार. मी उभी राहून उतारावर नजर टाकली. सगळीकडे गोल्डनरॉड कमरेएवढा, नुकता कुठे पिवळा होऊ लागलेला. एकाच ठिकाणी, खालच्या बाकासमोर, खांद्याएवढा उंच, भरगच्च फुललेला एक पुंजका. इतके दिवस तो आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

मी धावत गेले. पुंजक्याच्या मधोमध टकलासारखी उघडी, वाळूची जागा होती.

आणि तिच्या दोन्ही अंगांना नारिंगी झेंडे. पेटी चुकवायला रस्त्याला दिलेलं वळण बरोबर या घरट्यावरून जात होतं.

५

"वेडी आहेस का?" हेस्टर म्हणाली. मी तिच्या स्वयंपाकघरात धापा टाकत उभी होते. "ते झेंडे आपलेच आहेत. कुत्राफास वेलीचे."

कुत्राफास ही इथली तण-वेल. मुळासकट उपटायची, म्हणून सोबती तिच्याशेजारी नारिंगी झेंडी खोचून ठेवतात. या उन्हाळ्यात आम्ही अशा किती खोचल्या असतील याची गणती नाही. इतर कुणालाही ते झेंडे बघून रस्ता आठवला असता. हेस्टरला तण आठवलं.

"ते पालिकेचे आहेत. उद्या सकाळी रोलर येणार आहे. लॉर्नाने सगळ्यांना कळवलं..." मी थांबले. सगळ्यांना कळवलं होतं, तिला सोडून.

हेस्टर खुर्चीत बसली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

"मी रोज तिथे बसत होते गं," ती पुटपुटली. "त्या झेंड्यांकडे बघत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" तेवढ्यातही तिच्या डोळ्यांत हसू आलं. "मृणाल, तू माझी जिवाभावाची आहेस. पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."



मंगळवारी सकाळी रोलर उताराच्या माथ्यावर घरघरत उभा होता. लॉर्ना, सिल्व्हानो, गॉर्डन, सगळे जमले होते. मुकादम सारखा घड्याळ बघत होता. हेस्टर पुंजक्यासमोर हात बांधून उभी, आणि बोलत मी होते. कापलेले दांडे दाखवले, उलटी भोकं दाखवली, न कापलेला पुंजका दाखवला.

"मीच हलवली पेटी," हेस्टर म्हणाली. "परवाना मोडून. लॉर्ना, त्याबद्दल मला हवं ते कर. पण यावरून ते धूड जाऊ देऊ नकोस."

"हे तू आधी का नाही बोललीस?" लॉर्नाचा आवाज चिरकला.

हेस्टरने सिल्व्हानोकडे पाहिलं. तो आधी गोंधळला. मग त्याचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेला आणि तोंडाचा रंगच उडाला. "माझा फोटो," तो म्हणाला. "गेल्या वर्षीचा... ते माझ्यामुळे?" त्याने भिंगावर झाकण लावलं आणि तो पुंजक्याकडे पाठ करून उभा राहिला.

"बाईसाहेब, गोष्ट झकास आहे," मुकादम मला म्हणाला. "पण अंडी दाखवा, मी थांबतो."

दाखवणार कशी? माती हलवायला बंदी होती. एकदा खणून लॉर्ना तोंडघशी पडली होती. तिने पुंजक्याकडे पाहिलं, हेस्टरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माझ्याकडे अधिकारच उरलेला नाही," ती म्हणाली. "कागदोपत्री हे घरटं नाहीच."

मुकादमाने खूण केली. रोलर खाली सरकू लागला.

"थांबा!"

ओरडला तो गॉर्डन. तो ताडताड चालत पुंजक्यापाशी आला, वाकला, एक सपाट कापलेला दांडा आणि एक उंच दांडा हातात धरून बराच वेळ बघत राहिला. मग मुकादमाकडे वळला.

"या रस्त्यासाठी अर्ज माझा आहे. माझाच तक्रारीचा अर्ज आता लिहून घ्या. काम एक आठवडा पुढे ढकला."

"साहेब, तुम्हीच तर घाई..."

"माझी बायको दोन उन्हाळे थांबलीय," गॉर्डन म्हणाला. "आणखी एक आठवडा थांबेल. तिला मी समजावतो, तुम्ही तुमच्या साहेबाला समजवा." हेस्टरकडे न बघता तो पुढे म्हणाला, "आणि हे खोटं निघालं, तर रोलर मी चालवेन."

रोलर थांबला. पुरावा म्हणून आमच्याकडे काही कापलेल्या काड्यांपलीकडे काहीच नव्हतं.

पिल्लं शनिवारी सकाळी आली. वाळूला चीर पडली, मग एक काळं, सुरकुतलेलं नाक वर आलं, आणि तासाभरात उतारभर बटणांएवढी कासवं सांडली. गॉर्डन आणि लॉर्नाने मार्जरीला खुर्चीसकट उचलून खाली आणलं होतं. तिच्या चाकाला एक पिल्लू धडकलं, घटकाभर विचारात पडलं आणि वळसा घालून पाण्याकडे गेलं. मार्जरी लहान मुलीसारखी हसत होती. सिल्व्हानो कॅमेरा घरी ठेवून आला होता आणि कोल्हे-कावळे हाकलायला हातात छत्री घेऊन उभा होता. लॉर्ना हेस्टरला काहीतरी सांगू पाहत होती, पण हेस्टर गालफड वाळूला टेकवून शेवटच्या पिल्लाला बघत पडली होती.

"मला माफ कर," लॉर्ना शेवटी म्हणाली.

"नंतर," हेस्टर म्हणाली. "आत्ता हलू नकोस, तुझ्या बुटापाशी एक आहे."

पेटी हलवली म्हणून हेस्टरला वर्षभर पेट्यांना हात लावायला बंदी झाली. रस्ता झाला, पण पुंजका सोडून, दुसऱ्या अंगाने. पुढच्या जूनमध्ये कासवी पुन्हा वर आली. या खेपेला तिला अंडी घालताना मी पाहिलं, मी एकटीने. खड्डा कुठे केला, मागे कुठलं झाड होतं, सगळं मला ठाऊक आहे. लॉर्नाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, हेस्टरलाही नाही. ती रोज विचारते आणि मी चहा ओतते.

तुम्हालाही तळ्याचं नाव मी सांगितलेलं नाही, हे लक्षात आलं असेलच.